मुलांची पहिली रायफल : आधी माप, मग काडतूस

(मंडळाच्या पालक-सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीला हरणाची शिकार म्हटले की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवतो आणि विषय तिथेच संपतो. इथे विस्कॉन्सिनमध्ये मात्र थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, वर्गातले सोबती आईवडिलांबरोबर मचाणावर जाऊन बसतात, आणि एखाद्या संध्याकाळी आपलेही मूल जेवता जेवता विचारते, की मी कधी जायचे? माझ्या मुलीने बाराव्या वर्षी विचारले. शिकार करावी की करू नये हा वाद आज बाजूला ठेवू. ज्या घरात 'हो' असे उत्तर दिले गेले आहे, त्या घराने रायफल कशी निवडावी एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

कायद्याचे दोन मुद्दे आधी सांगतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला परवानाधारक दुकानदार रायफल विकू शकत नाही, म्हणून 'मुलाची रायफल' ही प्रत्यक्षात पालकाने विकत घेतलेली आणि पालकाच्या कुलपात राहणारी वस्तू असते. दुसरा मुद्दा आपल्यापैकी अनेकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वकिलाला विचारावे, शेजाऱ्याला नव्हे.

दुकानात गेल्यावर पहिली चर्चा काडतुसावर सुरू होते आणि तिथेच गाडी चुकते. पहिला प्रश्न दस्त्याच्या लांबीचा असला पाहिजे. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साधारण साडेतेरा इंच असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते बारा-साडेबारा इंचांच्या आसपास लागते. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवले असता तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचावे, ही जुनी चाचणी ढोबळ असली तरी उपयोगी आहे. दस्ता लांब असेल तर मूल तोल सावरण्यासाठी मागे रेलते, मान पुढे ताणते, आणि बार निघताच धक्का खांद्याच्या खोलगट भागाऐवजी दंडावर बसतो. नव्या जाड जॅकेटमुळे हे अंतर आणखी वाढते, म्हणून माप घेताना थंडीचे कपडे अंगात असावेत; ऑगस्टमध्ये टी-शर्टवर घेतलेले माप नोव्हेंबरात खोटे ठरते.

यात मी स्वतः चुकलो आहे. हलकी आहे, मुलीला पेलेल, स्वस्तही आहे, असा हिशेब करून मी एकबारी, जेमतेम साडेपाच पौंडांची, .३०८ या मोठ्या काडतुसाची रायफल आणली. काडतूस तेच असेल तर रायफल जितकी हलकी तितका धक्का जोराचा, हे शाळेत शिकलेले संवेगाचे गणित मी खरेदीच्या वेळी विसरलो. तिसऱ्या बारानंतर तिचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटू लागले. ही दचकण्याची सवय तीन बारांत लागली आणि घालवायला पूर्ण उन्हाळा गेला: .२२च्या छोट्या रायफलीवर परत जाऊन, कानांवर दुहेरी संरक्षण देऊन, आणि मधूनच रिकामे बनावट काडतूस भरून, म्हणजे चाप ओढताना नळी हलते का हे तिचे तिलाच दिसावे. बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. मुलाला जो धक्का वाटतो त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. याच कारणासाठी नळीच्या तोंडाशी लावायचे धक्का कमी करणारे ब्रेक मला मुलांच्या रायफलीवर नको वाटतात. ते खांदा वाचवतात, पण कानठळ्या बसवतात.

आता काडतुसाकडे येऊ. १९५५ मध्ये आलेले .२४३ विंचेस्टर हे मुळात .३०८चेच, तोंडाशी अरुंद केलेले काडतूस. त्याचा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या साधारण निम्मा, आणि ९५ ते १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची, हरणासाठी बनवलेली गोळी पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेशी असते. काहीजण ते मुलांसाठी नको म्हणतात, कारण चुकीला वाव कमी. त्यात तथ्य आहे, पण मोठी गोळी पोटात लागली तरी ती चूकच असते. मधला मार्ग हवा असेल तर ७ एमएम-०८ रेमिंग्टन, सुरुवातीला कमी धक्क्याच्या काडतुसांसह, मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण ते मुलाबरोबर मोठे होते. काही राज्यांत काही भागांत सरळ भिंतीचीच, म्हणजे तोंडाशी अरुंद न केलेली, काडतुसे चालतात, तिथे .३५० लीजंडचा विचार करावा.

रचना बोल्टची, म्हणजे हाताने मागेपुढे करायच्या दांड्याची, असावी: एक बार झाला की थांबून, हाताने पुढचे काडतूस भरावे लागते, आणि बोल्ट उघडा ठेवला की रायफल निर्धोक आहे हे दुरूनही दिसते. मूल डावखुरे आहे का, किंवा त्याचा डावा डोळा प्रबळ आहे का, हे आधी तपासावे. दुर्बीण साधी, कमी शक्तीची घ्यावी आणि डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच दूर राहील अशी बसवावी, नाहीतर धक्क्याने ती आपटून भुवईवर जखमेची चंद्रकोर उमटते.

मूल तयार झाले हे कसे ओळखावे? हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग आठ-दहा इंचांचा असतो, म्हणून नऊ इंची कागदी थाळी लावावी. ज्या अंतरावरून, बसून, टेका घेऊन, पाचही बार तिच्यात जातात, तेच त्या मुलाचे अंतर. माझ्या मुलीचे पहिल्या वर्षी ६० यार्ड होते. त्या हंगामात एक नर ९० यार्डांवर बराच वेळ उभा राहिला आणि तिने चापाला बोट लावले नाही. मी हाताच्या अंतरावर बसून गप्प होतो, आणि खरे सांगायचे तर मनातून चुळबुळत होतो.

त्यानंतर आम्ही ती हलकी रायफल विकून दस्त्यात चकत्या घालून लांबी वाढवता येणारी .२४३ घेतली. तीन चकत्यांपैकी दोन बसल्या आहेत. तिसरी अजून कपाटातल्या डब्यात आहे.