मावशीचा वरचा मजला

नमस्कार श्रोतेहो. जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सुमारे १३० कोटी माणसं. सहांत एक! आता घरोघरच्या पाहण्यांत अपंगत्व मोजतात कसं? आजाराचं नाव विचारून नव्हे, रोजची कामं विचारून. दिसणं, ऐकणं, चालणं किंवा जिना चढणं, आठवणं, अंघोळ-कपडे, बोलणं-समजणं. प्रश्न सहा. उत्तरं चार: अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही.

माझ्या मावशीकडे अशीच पाहणीवाली मुलगी आली होती. मी तिथेच बसलो होतो. मावशीला संधिवात, पण बाणा कडक.

"जिना चढताना त्रास होतो?"

"मुळीच नाही."

"कपडे घालताना?"

"नाही गं."

मुलगी खुणा करत गेली. मावशीच्या स्वेटरच्या चेनला दोरीचा फास बांधलेला, बोट अडकवून ओढायला. नळाच्या चावीला फडकं गुंडाळलेलं. कागद आवरता आवरता मुलीने सहज विचारलं, "वर कोण राहतं, आजी?"

"कुणी नाही. पलंग, कपाट, सगळं खाली आणलंय."

"मग वर कधी जाता?"

"जातेय कशाला!"

"आणि आत्ता जायचं म्हटलं तर?"

मावशीने जिन्याकडे पाहिलं, गुडघा चोळला. "आत्ता? आत्ता नको बाई."

मुलीने आधीची खूण खोडली. प्रश्न तोच, उत्तर मात्र टोकाचं निराळं.

माणसं त्रास सांगत नाहीत, कामच सोडून देतात. पुन्हा सांगतो, कामच सोडून देतात. म्हणून युरोपातल्या पाहण्यांत प्रश्न वेगळा घालतात: तब्येतीमुळे निदान गेले सहा महिने, लोक सहसा करतात ती कामं करण्यात तुम्हाला किती अडथळा आला? 'लोक करतात ती', तुम्ही करता ती नव्हे. गोम तिथे आहे.

आणि सगळ्या जगाची बेरीज केली, तर माणसांची सर्वांत जास्त वर्षं अडवून ठेवणारं दुखणं कोणतं? साधी कंबरदुखी. २०२० साली जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना ती होती. असं असून दवाखान्यात बसायला बुटक्या, हात नसलेल्या खुर्च्या कोण ठेवतं, देव जाणे! ज्याने त्या निवडल्या, त्याला तासभर तिथेच बसवावं आणि मग नाव पुकारावं.