केसपेपरवर खरं लिहा

श्रोतेहो, नमस्कार. नाशिक जिल्ह्यात ‘औषध घेतलं’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, ताप-खोकल्याचं औषध नव्हे, फवारणीचं, जीव द्यायला घेतलेलं. असा पेशंट त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला न्या नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय झालं? आणि घरच्यांचं पहिलं उत्तर बऱ्याचदा खोटं असतं. ‘चुकून तोंडात गेलं.’ ‘अंधारात बाटली बदलली.’ कारण एकच, पोलीस केस होईल. ही भीती एके काळी खरी होती. आज ती खरी नाही. मधल्या काळात काय घडलं ते एका खटल्यातून सांगतो.

मुंबई पोलिसांतला एक शिपाई. रस्त्यावर अपघात झाला, डोक्याला मार बसला. जखम भरली, पण मन ताळ्यावर येईना. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. नवऱ्याचं हे असं, म्हणून बायकोनं भाजीचं दुकान टाकायचं ठरवलं. त्याला महापालिकेचा परवाना हवा. परवाना काही मिळेना. (जाता जाता सांगतो, २०१४ साली पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा आला, तरी भाजीच्या गाडीवाल्याला परवान्यासाठी अजून चपला झिजवाव्या लागतात. पालिकेच्या खिडकीसमोर निदान एक बाकडं तरी ठेवावं. असो.)

तर १९८५ च्या एप्रिलमध्ये हा शिपाई थेट महापालिका आयुक्तांना भेटायला गेला. भेट मिळाली नाही. तिथेच, कार्यालयाबाहेर, त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, ते सांगणार नाही. तसलं वर्णन रेडिओवर नको आणि पेपरातही नको; चौकटी टाकून छापणाऱ्यांना हे कधी कळणार कोण जाणे. लोकांनी वेळीच अडवलं, तो वाचला.

आणि वाचल्यावर काय? ज्या खात्याची खाकी अंगावर, त्याच खात्यानं गुन्हा नोंदवला. भारतीय दंड संहिता, कलम ३०९. एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे खून पाडायला निघालेला फसला तर आरोपी, तसा मरायला निघालेला फसला तरी आरोपीच.

शिपाई उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे पाटील यांनी निकाल दिला. मुद्दा सरळ होता. मनाच्या आजारानं जो या टोकाला गेला त्याला मानसोपचार हवेत, कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडणार. आणि मरायलाच निघालेल्या माणसाला शिक्षेचा धाक कसला? न्यायालयानं कलमच घटनाबाह्य ठरवलं. फौजदार घडवणारी पोलीस अकादमी आपल्याच त्र्यंबक रोडवर आहे. तिथे हा निकाल पहिल्याच आठवड्यात शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९४ साली दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही ते कलम रद्द ठरवलं. १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल फिरवला, आणि कलम ३०९ परत आलं. मग आला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, लागू २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम ११५ म्हणतं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. पुन्हा सांगतो: खटला नाही, शिक्षा नाही, उपचार सरकारकडे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ उरलंच नाही. फक्त कलम २२६ आहे, सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडायला किंवा अडवायला असा प्रयत्न केला तर. त्या शिपायाला आज हे लागलं असतं का, हा वाद वकिलांनी घालावा.

आता कामाचं. दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतो, पोलीस येऊन जबाब घेतात. घाबरू नका, ती नोंद आहे, पेशंटवरचा गुन्हा नव्हे. कोणी छळ केला असेल तर तीच नोंद उपयोगी पडते. १०८ ला फोन करा. बाटली, डबा, लेबल, जे असेल ते सोबत न्या आणि किती वाजता घेतलं ते सांगा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. ते श्वासनळीत जातं. खोटं सांगितलं तर काय घेतलंय हे डॉक्टरांना कळत नाही, आणि नेमका उतारा सुरू व्हायला उशीर होतो. म्हणून केसपेपरवर खरं लिहा.

घरी आल्यावर फवारणीची औषधं कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. एक चार चार एक सहा. फुकट, चोवीस तास, मराठीतही. २०१७ च्या त्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला उपचारांच्या निर्णयात मदतीला आपला प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा देऊन. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. आरोग्य विम्यातही शारीरिक आजाराइतकाच हक्क मनाच्या आजाराला आहे.

राहिला दुखण्याचा विषय. कॅन्सरच्या वेदनेनंही माणसाला जीव नकोसा होतो. मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध, ठेवायला पूर्वी रुग्णालयाला अनेक परवाने लागायचे; एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनं हे सोपं झालं, मान्यताप्राप्त संस्थेला आता ते ठेवता येतं. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखेपर्यंत थांबलात तर वेदना पुढे पळते. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सवय लागेल म्हणून गोळी लपवू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतात. आणि हो, ही पाकिटंही त्याच कुलपात.