ठोकळा डब्यात पडतो तेव्हा

(समुद्राची गाज. तळहातावर शंख.)

हा शंख कोकणातल्या वाळूत सापडलेला. गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियातल्या मिनामुर्रा किनाऱ्यावरची, १९७७ सालची. बंद पडलेल्या कानात विजेची बारीक तार कशी सारायची या विचारात असलेले कानाचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क तिथे सुट्टीसाठी आले होते. त्यांनी असाच पगडीसारखा गुंडाळलेला एक शंख उचलला, जवळच्या गवताची पात खुडली आणि ती शंखाच्या तोंडातून आत सारायला लागले.

आता नीट बघा. पहिली काडी बुडापासून टोकापर्यंत सारखीच ताठ. पहिल्याच वळणावर अडली. दुसरी नुसतीच मऊ. थोडी आत गेली आणि दुमडली. ही तिसरी पात टोकाला मऊ आहे आणि बुडाकडे हळूहळू ताठ होत जाते.

(पात शंखात शिरते. निवेदन नाही.)

आपल्या कानात, कवटीच्या अतिशय टणक हाडात, वाटाण्याएवढा असाच एक शंख असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. साधारण अडीच वेढे. उलगडून सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत पेटीच्या पट्ट्यांसारखे स्वर मांडलेले आहेत. तोंडाशी उंच पट्टीचे, आतल्या टोकाला खर्जाचे. ही मांडणी डोळ्यांनी पाहिली हंगेरीच्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी. बुडापेस्टला टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करताना ते मृत माणसांच्या कानाचं हाड मिळवायचे, पाण्याखाली कोरायचे, आतल्या नाजूक पडद्यावर चांदीचे बारीक कण टाकायचे आणि आवाजाची लाट त्या पडद्यावरून कशी धावते ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. १९६१ साली त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

पण बेकेशींच्या टेबलावरचे कान काही सांगू शकत नव्हते. पुढचं काम सांगू शकणाऱ्या माणसाशिवाय होणारच नव्हतं.

क्लार्क यांच्या वडिलांचं कॅमडन गावात औषधांचं दुकान होतं. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आलेल्या माणसाला आपलं दुखणं चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागे. मुलगा हे बघत मोठा झाला, कानाचा डॉक्टर झाला, आणि बंद पडलेल्या कानात थेट विजेनं संदेश पोचवायचा ध्यास त्यानं घेतला. कॉक्लियात तार बसवणाऱ्या या यंत्राला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात. कानातून मेंदूकडे हजारो तंतू जातात, त्यांचं काम मोजक्या तारा कशा करतील, असं अनेक शास्त्रज्ञ म्हणत. पैसा नव्हता. क्लार्क आणि त्यांचे सहकारी मेलबर्नच्या रस्त्यावर डबे खुळखुळवत वर्गणी मागायला उभे राहिले.

१ ऑगस्ट १९७८. क्लार्क यांचे पहिले रुग्ण, रॉड साँडर्स. अपघातात डोक्याला मार लागून दोन्ही कान गेलेले. क्लार्क यांनी हे आधी कुणावर केलेलं नाही हे माहीत असताना या माणसानं आपला कान पुढे केला. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. यंत्र सुरू केलं, तर काहीच ऐकू येईना. दोष निघाला तपासणीच्या उपकरणात. तो दुरुस्त झाला आणि साँडर्सना आवाज यायला लागले. एकदा त्यांच्या कानातल्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे तारेवरच्या वीज देणाऱ्या बिंदूंवर, राणीचं गौरवगीत सोडलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. साँडर्स खुर्चीतून उठले आणि ताठ उभे राहिले. वर्ष संपता संपता त्यांनी ओठांकडे न बघता शब्द ओळखले. क्लार्क शेजारच्या खोलीत गेले आणि रडले.

२०१३ साली वैद्यकातला न्यूयॉर्कचा लास्कर पुरस्कार या कामासाठी तिघांना मिळून दिला गेला. एक क्लार्क. दुसऱ्या व्हिएन्नाच्या अभियंत्या इंगेबोर्ग होखमायर. त्यांनी घडवलेलं यंत्र १९७७ च्या डिसेंबरातच रुग्णाच्या कानात बसलं होतं. तिसरे नॉर्थ कॅरोलायनाचे ब्लेक विल्सन. सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम वीज दिली की प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि शब्दाचा नुसता गलका होतो. विल्सन यांनी पाळी लावून दिली: एका क्षणाला एकच इलेक्ट्रोड, मग पुढचा, असं सेकंदाला शेकडो वेळा. शब्द मोकळे झाले.

मोकळे झाले हे कुणी सांगितलं? समोर बसलेल्या बहिऱ्या माणसांनी. तेच ते शब्द तासन् तास ऐकून, चुकून, पुन्हा ऐकून. पुरस्काराच्या यादीत त्यांची नावं नाहीत. ती असायला हवी होती, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना हे रोपण मिळतं, त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. मशीनची आयुष्यभराची देखभाल, बॅटऱ्यांचा खर्च, आणि खुणांची भाषा मागे पडू नये हा कर्णबधिरांचा आग्रह, हे सगळंही सोबत येतंच.

(मुंबई. लहानशी खोली. टेबलावर संगणक, रंगीत ठोकळे, प्लॅस्टिकचा डबा.)

ही चार वर्षांची. कानामागे मशीन, केसांत चुंबकानं चिकटलेली, संदेश आत पाठवणारी कॉइल. तिच्या कानात २२ इलेक्ट्रोड आहेत आणि आज त्यांचं मॅपिंग आहे. प्रत्येकाला किती वीज पुरते ते एकेक करून ठरवायचं.

“आवाज आला की टाकायचा हं, बाळा,” ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ताई हातानं करून दाखवतात. तिनं लाल ठोकळा गालाशी धरलाय. आई मागे बसली आहे. तिला हलायचं नाही असं बजावलंय, कारण मुलगी आईच्या चेहऱ्यावरून ओळखते.

खोलीत आवाज नाही. संगणकातून निघालेला स्वर थेट तिच्या कानात जातो. तो ताईंना ऐकू येत नाही, आईला नाही, आपल्यालाही नाही.

ताईंनी वीज एक पायरी वाढवली. काही नाही. आणखी एक पायरी. मुलीची नजर खिडकीकडे. आणखी एक.

(ठोकळा डब्यात पडतो.)

ताई आकडा नोंदवतात. आता पुढचा इलेक्ट्रोड.