हात वर करणारे

नमस्कार, श्रोतेहो. 'सक्सेशन' ही अमेरिकन मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. २०१८ ते २०२३, चार पर्वं, ३९ भाग. आज तिचा शेवटही सांगणार आहे. न्यूयॉर्कमधली वेस्टार रॉयको ही बलाढ्य माध्यम कंपनी, तिचा म्हातारा मालक लोगन रॉय आणि त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेली मुलं. हेलिकॉप्टरं, खासगी विमानं, काचेची कार्यालयं, सगळं आहे. माझ्या लक्षात राहिले ते हात.

आपल्याकडे 'हात वर केले' म्हणजे ऐन वेळी अंग काढून घेतलं. संचालक मंडळाच्या बैठकीत उलटं असतं, तिथे हात वर करणाराच सोबत उभा राहतो. पहिल्या पर्वात केंडल बापाविरुद्ध अविश्वास ठराव आणतो. त्याच दिवशी तो वाहतुकीत अडकतो, रस्त्यावरून जीव तोडून धावतो, शेवटी फोनवरून बैठकीला हजर होतो. लोगन खोलीतून हलत नाही. मतदानाची वेळ येते, आणि धाकटा भाऊ रोमन, ज्यानं शब्द दिलेला असतो, त्याचा हात काही वर जात नाही. बाप समोर बसलाय ना! मला तिथे रोमनचा राग आला नाही, पोटात तुटलं.

शेवटच्या भागात, लोगन गेल्यानंतर, कंपनी विकायची की नाही यावर मतदान होतं. ते तर आदल्या रात्रीमुळे जास्त लागतं. बार्बाडोसला आईच्या घरी केंडल, रोमन आणि शिव ही तिघं भावंडं कंपनी न विकता खुर्ची केंडलला द्यायची यावर एकमत करतात. स्वयंपाकघरात हाताला येईल ते एकत्र करून त्याला पाजतात, डोक्यावर ओततात. पोरांसारखी हसतात. दुसऱ्या दिवशी मतं सहा-सहा, उरते बहीण शिव. ती उठून बाहेर जाते. केंडल तिला सुनावतो, मी थोरला मुलगा आहे. खरा थोरला, सावत्र भाऊ कॉनर, कुणाच्या लेखीच नसतो.

शिवला दगाबाज म्हणणं मला पटत नाही. हीच खुर्ची बापानं दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला तिलाही देऊ केली होती आणि मग हिरावून घेतली होती. लोगननं प्रत्येकाला आशेवर ठेवून एकमेकांपासून तोडलं. तो गेल्यावरही ती तुटलेलीच राहिली.

कंपनी सात विरुद्ध सहा मतांनी विकली जाते. खुर्ची मिळते शिवच्या नवऱ्याला, टॉमला. परतताना गाडीत तो तळहात पुढे करतो. ती आपला हात त्यावर ठेवते, पण बोटं मिटत नाहीत.