हार्ड आणि हार्डली

पत्रिकेत विषय छापलाय, 'इंग्रजीतले दुहेरी कामाचे शब्द'. म्हणजे जे विशेषणही असतात आणि रूप न बदलता क्रियाविशेषणही होतात, ते. त्याकडे येतो, पण आधी एका वहीबद्दल बोलू द्या.

सातवीत 'माझे वडील' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. वडील गिरणीत साच्यावर होते. मी लिहिलं, 'माय फादर वर्क्स हार्ड'. वही परत आली तेव्हा 'हार्ड'वर तांबडी रेघ होती आणि वर लिहिलं होतं 'हार्डली'. शेजारी नियम: क्रिया कशी होते ते सांगणाऱ्या शब्दाला 'ली' लावावा. शुद्ध वाक्य दहा वेळा लिहिणे. मी लिहिलं, घोटून, वळणदार अक्षरात. सकाळी वडील रातपाळीवरून आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी वही खिडकीपाशी उजेडात धरली आणि आईला हाक मारून म्हणाले, "बघ, अक्षर कसं आहे!"

पुढे कॉलेजात शब्दकोश चाळताना 'हार्डली' सापडला. अर्थ: जेमतेम, जवळपास नाहीच. माझे वडील काम जवळपास करतच नाहीत, असं मी दहा वेळा लिहून त्यांच्याच हातात दिलं होतं. तोवर वडील गेले होते. गुरुजींवर माझा राग नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. राग आहे तो त्या अर्धवट नियमावर. आज इथे बरेच शिक्षक बसलेत, म्हणून हे सांगायला आलो.

तो नियम अर्धवट का? हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' लावला की क्रियाविशेषण व्हायचं. 'हेआर्ड' म्हणजे कठीण, 'हेआर्डे' म्हणजे जोराने. 'फॅस्ट' म्हणजे घट्ट, 'फॅस्टे' म्हणजे घट्टपणे. पुढे शब्दाच्या शेवटचा हा 'ए' बोलण्यात झिजत गेला आणि पंधराव्या शतकापर्यंत पुसला गेला. दोन्ही रूपं एकसारखी दिसायला लागली. म्हणजे 'वर्क हार्ड'मधल्या 'हार्ड'चं शेपूट कुणी आळसाने तोडलेलं नाही. त्याला शेपूट होतं, ते काळाने झिजलं. 'ली' ही वेगळीच वाट. तिचं मूळ 'लिक', अर्थ शरीर, रूप. तोच प्रत्यय विशेषणंही घडवतो, म्हणून 'फ्रेंडली' हे विशेषणच आहे आणि 'डेली' दोन्हीकडे चालतो.

आणि आपल्याला हे परकं वाटायचं कारण काय? 'सरळ रस्ता' म्हणतो तेव्हा 'सरळ' विशेषण. रिक्षावाल्याला 'सरळ जा' सांगतो तेव्हा तेच क्रियाविशेषण. 'सरळपणे जा' असं कुणी म्हणेल का? 'छान गाणं', 'छान गाते'. 'स्पष्ट उत्तर', 'स्पष्ट बोल'. इंग्रजीचा 'स्ट्रेट' नेमका आपल्या 'सरळ'सारखा वागतो. मराठी मुलाला 'गो स्ट्रेट' कानाने बरोबर कळतं, मग आपण त्याला नियम शिकवून चुकवतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातला पहारेकरी 'बिटर कोल्ड', म्हणजे कडाक्याची थंडी, म्हणतो, 'बिटरली' नाही. हे अशुद्ध ठरवण्याचा जोर अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांचा. रॉबर्ट लोथने 1762च्या व्याकरणात विशेषणाचा असा वापर अयोग्य म्हटला. घाटातल्या पाटीवरचं 'गो स्लो' त्या हिशेबाने चूक ठरेल. पण ते चूक नाही. 'स्लो'ही चालतो, 'स्लोली'ही. 'फास्ट'ला मात्र 'ली' लागतच नाही. खरी काळजी घ्यायची ती जोड्यांत. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. इथे 'ली' लावला की अर्थच बदलतो, आणि तिथेच आपण तांबडी रेघ उलटी मारतो.

शेवटचं, 'हार्डली'चं. हा शब्द एके काळी खरंच 'जोराने' या अर्थी होता. मग त्याचा अर्थ 'मोठ्या कष्टाने' असा झाला. जे मोठ्या कष्टाने होतं ते जेमतेमच होतं, म्हणून पुढे 'जेमतेम'. काही शतकं आधी लिहिलं असतं, तर माझी ती दहा वाक्यं खरी ठरली असती.