पासपोर्ट भारताचा, मत ब्रिटनचं

नमस्कार, ब्रिटनमधल्या मराठी श्रोतेहो.

2024 मध्ये लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, म्हणजे 4 जूनला, मंगळवारी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऑफिसात कामाचं नुसतं सोंग केलं. एका खिडकीत एक्सेल, दुसऱ्या खिडकीत मराठी बातम्या. बारामतीत काय झालं, सांगलीत अपक्ष कसा काय आला, या सगळ्यावर आपण दिवसभर व्हॉट्सअॅपवर भांडलो. मतं भरपूर होती, मत मात्र एकही नव्हतं. अनिवासी भारतीयाला मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून आपल्या मतदारसंघात जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं. ते आपण करत नाही, मीही केलेलं नाही.

आता दुसरी निवडणूक बघा. 2024 च्याच 22 मे रोजी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात, छत्री न घेता उभे राहिले आणि ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीची 4 जुलै ही तारीख सांगून आत गेले. कोट पार भिजला होता. त्या कोटावर आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले. पण मी दहा-बारा मराठी घरांत विचारलं, मतदारयादीत नाव नोंदवलंय का, तर निम्म्या घरांत उत्तर आलं, "आम्ही कुठे इथले? आमचा पासपोर्ट भारताचा."

तर आज मला हेच सांगायचं आहे. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत भारतीय पासपोर्टवर मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे इथे राहण्याची वैध परवानगी असलेला, अठरा पूर्ण केलेला भारतीय नागरिक इथला मतदार होऊ शकतो. वर्क व्हिसावरचा इंजिनियर, त्याच्या व्हिसावर आलेली बायको, गेल्या सप्टेंबरात पुण्याहून एमएस्सी करायला आलेला मुलगा, सगळेच. फक्त फिरायला आलेले आई-बाबा नाहीत. माझ्या ऑफिसात एक पोलिश बाई आहे, वीस वर्षं इथे राहते, कर भरते, तिला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. आणि नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या आपल्या पोराला आहे. हे न्याय्य आहे का? मला तरी तिचंही मत असायला हवं असं वाटतं. पण साम्राज्याच्या काळात आपण सगळे इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होतो, त्या हिशेबातून राहून गेलेला हा हक्क आहे. इंग्रजांनी इकडे आणलेल्या आपल्या वस्तू काचेच्या कपाटात आहेत. ही एक वस्तू वापरता येते, तर वापरा.

"मत दिलं तर भारताचं नागरिकत्व जाईल ना?" असं एकाने मला गंभीरपणे विचारलं. नाही हो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर ते जातं, मत दिल्याने नाही.

रेडिओवर मी कुणाला मत द्या हे सांगणार नाही. नियम आहे, आणि माझ्या घरातही त्यावर एकमत नाही. पण एक गोष्ट बोलते. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये कुणाचे नियम बदलले? 11 मार्चपासून केअर होममध्ये कामाला येणाऱ्यांना नवरा-बायको, मुलं सोबत आणता येईनात. 4 एप्रिलपासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची पगाराची अट 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेली. जोडीदाराला आणायचं असेल तर उत्पन्नाची अट 11 एप्रिलपासून 18,600 च्या जागी 29,000 झाली. हे नियम ज्यांना लागू होतात त्यांतल्या आपल्या माणसांना मत आहे, आणि तरी प्रचारात यांच्याकडे कुणी फिरकत नाही. त्याचं कारण साधं आहे. इथे उमेदवाराची माणसं दार वाजवत फिरतात ती मतदारयादी हातात घेऊन. यादीत नाव नसलेलं घर ते ओलांडून पुढे जातात. आपण म्हणतो, आमच्याकडे कुणी येत नाही. येतील कसे?

(जाता जाता: यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते. घर घ्यायच्या विचारात असाल तर निदान तेवढ्यासाठी तरी नोंदवा. पुण्यकर्म म्हणून कुणी करत नसेल, तर मॉर्गेजसाठी करा.)

आता मतदानाच्या दिवसाबद्दल. 2024 च्या 2 मेला लंडनच्या मेयरची निवडणूक झाली तेव्हा मी मैत्रिणीच्या सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांचं आयुष्यातलं इथलं पहिलं मतदान. चर्चचा हॉल, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, कोपऱ्यात लहान मुलांची खेळणी चादरीखाली झाकून ठेवलेली. टेबलामागे दोन वयस्कर माणसं, हातात फूटपट्टी. घराचा नंबर सांगायचा, मग ते पट्टी सरकवत नाव शोधतात आणि पेन्सिलीने रेघ मारतात. ओळखपत्र मागितल्यावर सासूबाईंनी पर्समधून काय काढलं? लॅमिनेट केलेलं आधार कार्ड! मोठ्या ऐटीत. ते अर्थातच चालत नाही. नशीब, त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना मिळणारा बसचा फ्रीडम पास होता, तो चालला.

लक्षात ठेवा, फोटो ओळखपत्राशिवाय आता मतपत्रिका मिळत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो. 2024 मध्ये बीआरपी, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्डही चालत होतं. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, पुण्याचं नाही. म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, पण तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही, आणि यातली मेख तुम्हाला कळलीच असेल. यांपैकी काहीच नसेल तर काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या पालिकेकडून, फुकट प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी 2024 मध्ये 26 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करायचा होता.

हा कायदा 2022 चा. माझं मत विचाराल तर डास मारायला तोफ. दुसऱ्याच्या नावावर मत टाकून शिक्षा झालेली माणसं या देशात बोटांवर मोजता येतील. उलट 2023 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत किमान 14,000 मतदार ओळखपत्रावाचून परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. आणि गंमत ऐका, ज्यांच्या सरकारने हा कायदा आणला ते माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन 2024 च्या 2 मेला स्वतःच ओळखपत्र विसरून गेले. नाव-पत्ता छापलेलं मासिकाचं पाकीट दाखवून बघितलं, जमलं नाही. घरी जाऊन आणावं लागलं.

सासूबाईंचं पुढे ऐका. मेयरच्या कागदावर तेरा नावं. पेन्सिल हातात घेऊन त्या तिथून मला मोठ्याने विचारतात, "अगं, नको असलेल्यांवर फुली मारायची ना?" बरोबरच आहे. आपल्याकडे फुली म्हणजे कटाप. बारा जणांवर फुल्या मारून एक जागा मोकळी सोडली असती तर मत बाद. इथे हव्या असलेल्या नावासमोरच फुली मारायची, एकच. बटण नाही, बीप नाही. बोटाला शाई लागली नाही म्हणून त्या दिवसभर खट्टू होत्या. फोटो काय पाठवणार कोल्हापूरला?

2024 च्या प्रचारात दारातून रोज दोन-तीन पत्रकं पडत होती. त्यावरचे मतांच्या आलेखाचे उंच-बुटके खांब बघितलेत? "इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो." खांबांची उंची आणि खालचे आकडे बऱ्याचदा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. पण पत्रकं अशी का छापतात, ते समजून घ्यायला हवं. सर्वाधिक मतं घेणारा एक निवडून येणार, बाकीच्यांची मतं वाऱ्यावर. ही पद्धत आपण यांच्याकडूनच उचलली, म्हणून ती आपल्याला खटकत नाही. 2015 साली युकिप या, युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षाला 38 लाखांवर मतं पडली आणि जागा मिळाली एक, क्लॅक्टनची. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतं आणि 56 जागा. त्याच क्लॅक्टनमधून 2024 मध्ये युकिपचे जुने नेते नायजेल फराज उभे राहिले. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण 38 लाख लोकांना एक खासदार हा हिशेब मला त्याहून पटत नाही. 2011 मध्ये पद्धत थोडी बदलायची का, असं सार्वमत घेतलं होतं, लोकांनी चक्क नाही म्हटलं.

मग "माझ्या एका मताने काय होतंय" असं म्हणणारे असतातच. 2017 मध्ये स्कॉटलंडमधली नॉर्थ ईस्ट फाइफची जागा दोन मतांनी गेली. दोन! आणि आपला माणूस आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी. 1886 मध्ये ब्रिटिश संसदेसाठी लंडनच्या हॉबर्नला उभे राहिले, हरले. 1888 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी जाहीर सभेत म्हणाले, इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना निवडून दिलं. किती मतांनी? पाच. आपल्या वाड्यातल्या एका घरातही त्याहून जास्त मतं असायची.

पोस्टाने मत हवं असेल तर 2024 मध्ये अर्जाची मुदत 19 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत होती. मतदानाच्या आठवड्यात भारतात असणार असाल तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका, कागद जाऊन परत यायला वेळ पुरणार नाही. ओळखीच्या, इथे मतदार असलेल्या माणसाला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा करा. तो स्वतःचं ओळखपत्र घेऊन जाईल.

आणि या सगळ्याच्या आधी नावनोंदणी. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे इथला नोकरी-करासाठीचा नंबर, हाताशी ठेवा. 2024 च्या निवडणुकीसाठी शेवटची मुदत 18 जून, मंगळवार, मध्यरात्रीपर्यंत होती. नमस्कार.