बार्शी लाईट : रुळांची रुंदी सोडा, वजनाचं बोला

नमस्कार मंडळी! 'बार्शी लाईटवर कधी बोलणार?' असं तुम्ही प्रत्येक व्हिडिओखाली विचारताय. घ्या, बोलतो. बार्शी लाईट म्हणजे बार्शीची जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, रेल्वे.

सुरुवातीचं भराभर. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाईन सोलापूरकडे गेली ती बार्शीला बाजूला टाकून. बार्शी म्हणजे कापसाची, तेलबियांची पेठ, आणि माल सगळा बैलगाडीवर. जीआयपीतच नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९५ला लंडनमध्ये कंपनी काढली. १८९७ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. 'हे स्टेशन बार्शीत नेमकं कुठे होतं?' विचारणाऱ्यांनो, नव्हतंच!

आता माझं दुखणं. 'नॅरोगेज म्हणजे माथेरानसारखी खेळण्यातली गाडी ना दादा?' अहो, माथेरानचे रूळ २ फुटांचे, हे अडीच फुटांचे होते. पण रुंदी सोडा हो! खरी करामत वजनात आहे. कॅलथ्रॉपचा नियम असा, की इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, कुठल्याही ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, ५ टनांच्या वर भार नाही.

पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळे घसरतात. इंजिन हलकं नव्हतं. लीड्सच्या किटसन कंपनीचं ते इंजिन, आठ चाकं ओढणारी, मागे आणखी चार. म्हणजे सहा ॲक्सल. ताकद हवी तेवढी ठेवली, वजन मात्र सहा जागी वाटून टाकलं.

अजून नाही पटलं? मग पैशांचा हिशेब बघा. इंजिनाचा एकच ॲक्सल १० टनांचा असता, तर त्याच्यापायी अख्ख्या लाईनीला जाड रूळ आणि मजबूत पूल लागले असते. इथे दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवर भागलं. म्हणून ती 'लाईट'. खेळणं म्हणून नव्हे!

१९०६ला हीच गाडी पंढरपूरला पोचली. आमचे आजोबा सांगायचे, आषाढीला डब्यात जितके तितकेच टपावर. आता टपावरचे वारकरी कॅलथ्रॉपनं त्या ५ टनांत धरले होते का, ते मला विचारू नका. पुढे १९११ला लातूर, १९२७ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाईन, आणि १९५४पर्यंत ती कंपनीचीच होती.

एका साहेबांनी लिहिलंय, 'हे सगळं इंग्लंडची नक्कल.' साहेब, इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरला अशीच अडीच फुटी लीक अँड मॅनिफोल्ड लाईन होती खरी, १९३४ला बंद पडली. इंजिनिअर कॅलथ्रॉपच, इंजिनं किटसनचीच. फक्त ती सुरू झाली १९०४ला. बार्शीची गाडी तेव्हा सात वर्षं धावत होती. आता नक्कल कुणी कुणाची केली, ते तुम्हीच लिहा खाली.